मडमाईचे नाक

देवाची वाटणी झाल्याखेरीज जमिनीची होणार नाही, असे बद्रीनाथांनी ठरवले होते. आणि तीर्थपुरीच्या त्या घरात बद्रीनाथांनी ठरवलेले बदलायची पद्धत नव्हती. मोसंबीची बाग, अंकुशनगरच्या कारखान्याला जाणारा ऊस, विहिरीची पाळी, जालन्यातला प्लॉट, सगळे दोघा भावांत शांतपणे मांडून झाले होते. अडले होते ते मडमाईपाशी.

थोरल्याकडे देव राहावेत आणि धाकट्याने सोनाराकडून नवे टाक घडवून घ्यावेत, ही रीत. पण मडमाई चांदीच्या पत्र्यावर ठोकलेली नव्हती. ती शंखावर कोरलेली होती. आगगाडीचा रूळ जालन्याकडे सरकत होता त्या काळी एका गोऱ्या इंजिनियरच्या तान्ह्या पोराला या घरच्या बाईने अंगावर पाजून जगवले, तेव्हा मडमेने आपल्या गळ्याशी टोचलेली पिन काढून तिच्या पदराला लावली. पिनेवर एका बाईचा एका बाजूने दिसणारा चेहरा होता: कुरळे केस, केसांत फूल, सरळ नाक. असल्या दागिन्याला कॅमिओ म्हणतात हे घरात कोणाला ठाऊक असण्याचे कारण नव्हते. घराने तिला चांदीची चौकट केली, कुंकू लावले आणि देव्हाऱ्यात बसवले. तेव्हापासून ती रोज पंचामृताने न्हात आली होती. मडमेने पिना दोन दिल्या होत्या, दुसरी धाकट्या जावेला मिळाली आणि रझाकारीच्या धावपळीत गेली, असेही घरात सांगत. त्याला पुरावा काही नव्हता.

तो पुरावा आज सकाळी चष्म्याच्या डबीत बसून आला होता.

"हे बघा अण्णा," मच्छिंद्रने डबीतला कापूस उलगडला. जालन्याच्या जुन्या मोंढ्याजवळ त्याचे घड्याळे, झुंबरे आणि मोडक्या ग्रामोफोनांचे दुकान होते. "फोटोत काय दिसतंय! हातात घ्या. असा माल आता सापडून नाही राह्यला."

बद्रीनाथांनी वस्तू हातात घेतली नाही. त्यांनी ती डोळ्यांनी धाकट्या भावाकडे सरकवली. "हरी, तपासायला सांग."

हरिओम खिडकीपाशी मोसंबी सोलत बसला होता. त्याने बायकोकडे पाहिले. थोरला दीर धाकट्या भावजयीशी समोरासमोर बोलत नाही, ही मर्यादा बद्रीनाथ अरुंधतीच्या बाबतीत जरा जास्तच काटेकोरपणे पाळत आले होते. तिला निरोप नेहमी हरिओमच्या तोंडून पोचे. पण आज तिला मुद्दाम जालन्याहून बोलावले होते, कारण ती महाविद्यालयात रसायनशास्त्र शिकवत होती आणि तिच्याकडे भिंग होते. वस्तू खरी निघाली तर बद्रीनाथ ती घेणार होते, आणि नवरात्रात थोरली जाऊ वंदना स्वतःच्या हाताने ती हरिओमच्या घरी बसवणार होती. म्हणजे आंतरजातीय नोंदणी लग्न करून आलेल्या, देव्हाऱ्याचा उंबरा आजवर न ओलांडलेल्या सुनेच्या घरात या घराण्याची देवी जाणार होती. देवावर विश्वास नसलेल्या बाईने त्यासाठी आज नवी साडी का नेसली, हा प्रश्न अरुंधतीने स्वतःला गाडीत विचारला होता आणि उत्तराची वाट न पाहता सोडून दिला होता.

तिने रुमाल पसरला आणि त्यावर तो तुकडा ठेवला.

"लायटर लावून दाखवू का बाई?" मच्छिंद्र पुढे सरसावला. "अस्सल माल जळत न्हाई."

"लायटर खिशात राहू द्या. अस्सल असेल तर तडकेल, नकली असेल तर वितळेल. दोन्हीकडून वस्तू जाईल आणि आपल्याकडे नुसती माहिती उरेल."

मंठ्याहून माहेरी आलेली शीतल, बद्रीनाथांची मुलगी, फिस्सकन हसली. अरुंधतीने तुकडा उचलून खालच्या ओठाला टेकवला.

दिवाणावरून दुर्गाआत्याने मान उंचावली. बद्रीनाथांची ही आत्या मोतीबिंदूमुळे माणसे आवाजावरून ओळखत होती, पण घरात काय चालले आहे याचा तिला कधी पत्ता लागला नाही असे झाले नव्हते. "काय गं शीतल, चाटून बघून राह्यली का काय तुझी काकू?"

"गार लागतंय का ते बघतेय, आत्या," अरुंधती म्हणाली. "शंख गार लागतो, आणि हातात धरला तरी हळूहळूच तापतो. प्लॅस्टिक धरताक्षणी हातासारखं होऊन जातं."

"आमच्या वेळी पोरी बघायला आलेले असंच करीत," दुर्गाआत्या म्हणाली. "चाटायचंच तेवढं बाकी ठेवीत."

आता मच्छिंद्रही हसला. बद्रीनाथांच्या मिशा हलल्या. घरातले वातावरण हलके होते आणि अरुंधतीला ते आवडत होते, हे तिने नोंदवले.

तिने मोबाइलचा दिवा तुकड्यामागे धरला. तपकिरी थर मधासारखा उजळला आणि त्यावर पांढऱ्या बाईची आकृती उभी राहिली. पाठ चमच्यासारखी खोलगट होती. शंखाच्या भिंतीतून कापलेली वस्तू सपाट असूच शकत नाही. भिंगाखाली केसांच्या बटांत हत्याराचे बारीक ओरखडे दिसले, एकासारखा दुसरा नाही. बुडबुडा कुठेही नव्हता. पांढरा थर आणि तपकिरी थर यांच्यामध्ये डिंकाची रेघ नव्हती. एक रंग दुसऱ्यात मुरत गेला होता.

"हरी, विचार त्यांना. खरी हाय का?"

"शंख आहे," अरुंधतीने थेट उत्तर दिले. "हातानं कोरलेला आहे. जुना आहे, बहुतेक."

"बहुतेक म्हंजे?" बद्रीनाथांनी हरिओमकडेच पाहत विचारले.

"बहुतेक म्हणजे बहुतेक, दादा. पिन नाही, चौकट नाही. ती असती तर काळाचा अंदाज बांधता आला असता."

"बघा, म्हणलं न्हवतं?" मच्छिंद्र म्हणाला. "आता नाक तेवढं गेलेलं हाय. मी लपवून न्हाई ठेवलं. म्हणून तर भाव पाडून सांगितला."

नाक खरेच गेले होते. कपाळापासून हनुवटीपर्यंत एकच गुळगुळीत उतार होता, ओल्या मातीवरून बोट फिरवावे तसा. अरुंधती बराच वेळ त्या उतारावर भिंग धरून बसली. तिला काहीतरी खटकत होते, आणि खटकलेले सोडून पुढे जाणे तिला जमत नसे.

"हे घासून झिजलेलं नाही," ती अखेर म्हणाली. "घासलं असतं तर चरे दिसले असते. हे विरघळलंय. शंख म्हणजे एका परीनं चुनखडीच. आंबट लागलं की ती विरघळते. दही, लिंबू, चिंच. एकदा लागून काही होत नाही. रोज लागावं लागतं, वर्षानुवर्षं." तिने पिशवीतून जांभळ्या उजेडाचा छोटा दिवा काढला आणि शीतलला पडदा ओढायला सांगितले. अंधारात बाईच्या केसांच्या खाचांमधून पोपटी पिवळी झाक उमटली. "आणि ही हळद असावी. खोल गेलेली, उजेड न लागलेली. हिला कोणीतरी दह्यानं न्हाऊ घालून हळद लावत होतं."

 मग बद्रीनाथांनी टेबलाच्या काचेवर थाप मारली.

"बराबर! जोडीचीच हाय! आपलीबी अशीच झाल्ती. हुबेहूब. नाक यायच्या आधी!"

अरुंधतीने दिवा बंद केला. नाक यायच्या आधी. ती कथा तिला पाठ होती. मडमाईचा चेहरा पिढ्यान्पिढ्या झिजत सपाट झाला होता. सासरे त्या काळजीने खंगत चालले होते. मग ज्या वर्षी हरिओमने जालन्यात नोंदणी करून परजातीची बायको केली आणि त्याच्यासाठी घराचे दार बंद झाले, त्याच आश्विनात मडमाईला नाक आले. सरळ, पूर्ण, नव्यासारखे. सासऱ्यांनी गोंधळ घातला, गावजेवण दिले, आणि जेवणाऱ्यांना त्याचे कारणही सांगितले: इडा घराबाहेर गेली, आईने तोंड दाखवले. लहानग्या शीतलने ते पुढे एका लग्नात काकूच्या मांडीवर बसून निरागसपणे ऐकवले होते. अरुंधतीचा त्या चमत्कारावर विश्वास नव्हता. इतक्या दिवसांचे कुंकवाचे कीट कोणीतरी काढले असेल, असा तिचा तर्क होता. पण चमत्कार खोटा असला तरी त्याने झालेली शिक्षा खरी होती, आणि तिची मुदत कधी संपेल हे कोणी सांगितले नव्हते.

"मंग आता पक्कं कसं व्हायचं?" बद्रीनाथांनी विचारले.

हरिओमला नाही, तिला. शीतलच्याही ते लक्षात आले.

"तुलनेनं," अरुंधती म्हणाली.  "जिच्याबद्दल काही शंकाच नाही अशी एक शेजारी ठेवायची, आणि दोन्ही एका भिंगाखाली बघायच्या. शंख तोच, हात तोच, हे मग दिसतं."

"शंका नसलेली घरातच हाय. वंदना, आई घेऊन ये."

स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली वंदना जागची हलली नाही. "आता कामून? पूजा झाल्यावर देव हालवत न्हाईत."

"मी सांगून राह्यलो ना."

"सांजच्याला बघू. दिवा लागंल, मंग."

"दिव्याच्या उजेडात भिंगातून काय दिसतंय? आज वाटणीचा दिस. देवीनंच देवीला वळखू दे."

"आण गं वंदने," दुर्गाआत्या म्हणाली. "मला बी हात लावू दे एकदा. डोळ्यांना तर आता कायबी दिसंना."

वंदनाने हरिओमकडे पाहिले. अरुंधतीने ते पाहणे पाहिले आणि चुकीच्या जागी नोंदवले: जावेला वाटते आहे, धाकट्या दिराने मध्यस्थी करावी. हरिओम मोसंबीच्या फोडींवरचे पांढरे धागे काढत होता.

वंदना आत गेली. आली तेव्हा तिच्या हातात तांब्याचे ताम्हन होते आणि ताम्हनात, चांदीच्या चौकटीत, मडमाई. कपाळावर सकाळचे कुंकू. सरळ नाक. चेहऱ्यावर ती पिवळसर झाक, जिला घरात तेज म्हणत आणि जी वर्षागणिक वाढते आहे म्हणून सांगत.

ताम्हन ती बद्रीनाथांसमोर ठेवू लागली. बद्रीनाथांनी हात आडवा केला.

"मला न्हाई. त्यांच्या हातावर ठेव."

 अरुंधतीने उजवा हात पुढे केला, मग रीत आठवून त्याखाली डावा लावला. वंदनाने ताम्हनातून देवी उचलून तिच्या ओंजळीत ठेवली.  इतकी वर्षे दारातून पाहिलेली वस्तू. या घराने आपल्या हाताने दिलेली पहिली वस्तू.

ती हलकी होती. आणि ती गार नव्हती.

तिला आधी आपल्या तळव्याचाच संशय आला. तिने देवी रुमालावर ठेवली, हात पदराला पुसले, थोडे थांबली, पुन्हा उचलली. उचलताक्षणी ती हातासारखी झाली. अरुंधतीने भिंग डोळ्याला लावले. नाकाच्या कडा गोलसर, बटांच्या कडा गोलसर, कुठेही हत्याराचा ओरखडा नाही. फुलाच्या पाकळीत दोन बुडबुडे अडकलेले. कानामागून मानेपर्यंत केसाएवढी उभी रेघ, साच्याचे दोन भाग जुळतात तिथली. आणि ते तेज: हळदीने पिवळे पडलेल्या डब्याचा तो रंग होता. कुठल्याही घरात, मसाल्याच्या कुठल्याही डब्याला येतो तो.

तिने दुसरी शक्यता शोधली, मग तिसरी. पहिल्यापासूनच ही अशी असेल? मग झिजली कशी? प्लॅस्टिकला दह्याने काही होत नाही. झिजलेले नाक सगळ्या घराने पाहिले होते. म्हणजे जी झिजली ती एक, आणि जिला नाक आले ती दुसरी. चमत्काराचे स्पष्टीकरण इतके साधे होते की ते आजवर आपल्याला सुचले नाही याचीच तिला लाज वाटली. तिच्याविरुद्धचा सगळा खटला ज्या साक्षीवर उभा होता ती साक्ष तिच्या तळहातावर, हाताइतकीच गरम होऊन पडली होती. आनंद व्हायला हवा होता. तो झाला नाही.

"काकू?" शीतल म्हणाली. "तोंड कामून उतरलं तुमचं?"

"ही..." अरुंधतीने भिंग खाली ठेवले. "ही इथं कधीपासून आहे?"

"आई कधीपासून हाय म्हंजे?" बद्रीनाथ हसले. "पणजीपासून."

गप्प बसता आले असते. दोन्ही एकाच हातच्या आहेत, एवढे एक वाक्य. मग नवरात्र, मग आपल्या घरी ताम्हन घेऊन आलेली वंदना. तिने हरिओमकडे पाहिले. त्याने दुसरी मोसंबी सोलायला घेतली होती. पहिलीच्या फोडी तशाच पडल्या होत्या.

"दादा, ही शंखाची नाही," ती म्हणाली. "साच्यात ओतलेली आहे. प्लॅस्टिक आहे."

बद्रीनाथ ओरडले नाहीत. ते ओरडले असते तर बरे झाले असते. त्यांच्या चेहऱ्यावरचे हसू जागच्या जागी राहिले, पण त्यामागचा माणूस निघून गेला.

"काय म्हणली ती?" दुर्गाआत्याने विचारले. कोणीच सांगेना, तशी ती पुन्हा म्हणाली, "अरे, काय म्हणली ती?"

"आमच्या आईला प्लॅस्टिक म्हणाल्या," शीतल उठून उभी राहिली. तिचा आवाज चिरकला. "काकू, इतकी वर्षं देवाला हात लावू दिला न्हाई, त्याचा बदला घेऊन राह्यल्या का? आज अण्णांनी एवढ्या मानानं हातावर ठेवली, अन् तुम्ही..."

"माझ्यावर विश्वास ठेवू नकोस," अरुंधती म्हणाली. "हात पुढं कर. दोन्ही. आता डोळे मीट."

शीतलने रागाने हात पुढे केले, रागानेच डोळे मिटले. अरुंधतीने तिच्या एका तळव्यावर मच्छिंद्रचा तुकडा ठेवला, दुसऱ्यावर देवी. शीतलच्या कपाळावरची आठी हळूहळू सुटत गेली. तिने डोळे उघडले, दोन्ही हातांकडे पाहिले आणि दोन्ही वस्तू भाजल्यासारख्या टेबलावर ठेवून दिल्या.

"अण्णा," ती एवढेच म्हणाली.

चौकट मात्र खरी होती. गावच्या सोनाराने हाताने वळलेली, म्हणून नेमकी अंडाकृती नव्हती. खाली डाव्या बाजूला तिची कड किंचित आत आली होती. अरुंधतीने मच्छिंद्रच्या तुकड्याकडे पाहिले. खाली डाव्या बाजूला त्याचा टवका उडालेला होता. तिने चौकटीच्या पाठीवर अंगठा दाबला. आतली वाळलेली लाख कटकन सुटली आणि मडमाई शर्टाच्या गुंडीसारखी काचेवर पडून थोडी फिरली. मग अरुंधतीने शंखाचा तुकडा चौकटीत ठेवला. तो बसला. टवक्याच्या जागी चांदीची कड आली आणि मध्ये दोरा जाईल एवढीही फट उरली नाही.

"दुसरी नाही, दादा," ती म्हणाली. "हीच पहिली."

"मला कायबी ठाऊक न्हाई हां अण्णा," मच्छिंद्र खुर्चीसकट मागे सरकला. "एका सराफाचं दुकान उठलं, त्याच्या पोरानं पडेल मालाचा डबा तसाच दिला. सराफ तर वारला. पोराच्या शपथेवर सांगतो."

"हिकडं आण," दुर्गाआत्याने हात पसरले. शीतलने चौकट तिच्या हातात दिली. म्हातारीचा अंगठा बाईच्या कपाळावरून खाली उतरला, जिथे नाक नव्हते तिथून सरळ घसरत हनुवटीला पोचला, आणि ती स्वतःशीच मान हलवू लागली. मग तिने तुकडा उलटा केला. अंगठा थांबला. "पाठीचं सोनं कुटं गेलं?"

"कसलं सोनं?"

"मडमाईच्या पाठीला सोन्याचं पान होतं, बद्री. पिन त्यालाच होती. सोनारानं वरून चांदी बसवली, पान तसंच ठिवलं. ल्हानपणी मी नखानं खाजवून बघायची."

वंदना खाली बसली. खुर्चीवर नाही, फरशीवर, ताम्हन मांडीत घेऊन.

"गंगंला दिल्ती मी हिला," ती म्हणाली.

गोदावरीला त्या भागात गंगाच म्हणतात. बद्रीनाथ तिच्याकडे पाहतच राहिले.

"सासूबाई गेल्या अन् पूजा माझ्या हातात आली. मी न्हाऊ घालायची, अन् रोज नाक कमी. रोज! मामंजी म्हणायचे, तुझ्या हाताला काय लागलंय? खंडित देव घरात ठेवत न्हाईत. तवा म्हणलं, कोणाच्या नजरंला पडायच्या आधी हिला गंगंत सोडावी, अन् तिच्या जागी तशीच दुसरी बसवावी. चेहराच राह्यला नव्हता, कोण वळखणार? मला काय ठाऊक, नाक आलं म्हणून गोंधळ घालतील!" तिने पदर तोंडाला लावला. "मंग सांगायची सोयच राह्यली न्हाई."

"कोण सोडून आलं गंगंत?" बद्रीनाथांनी विचारले. "तू तर शहागडच्या पुलावर गेली न्हाईस. ती दुसरी कोणी आणून दिली तुला?"

"ते मी न्हाई सांगणार."

"वंदना."

"मला त्यानं सोडली म्हणून सांगितलं. वरून गंगंच्या पाण्याचा तांब्या आणून दिला. मी त्या पाण्याच्या पाया पडले." ती कोणाकडेच पाहत नव्हती. "गंगंतच होती ती माझ्यासाठी. आज हा माणूस डबीतून काढीपर्यंत."

अरुंधतीचा हात गळ्याशी गेला होता. तो कधी गेला हे तिला आठवत नव्हते. नोंदणीच्या वेळी हरिओमला नोकरी नव्हती. तरी आदल्या दिवशी त्याने मंगळसूत्र आणले होते. दोन वाट्या, ओळखीच्या सराफाने घडवून दिलेल्या. सोने कुठले, असे तिने विचारले, तेव्हा तो म्हणाला होता: घरचंच आहे. त्या दोन शब्दांवर तिने केवढे बांधकाम केले होते! सासऱ्यांनी दार बंद केले तरी आतून कोणीतरी, म्हणजे वंदनाताईंनीच, स्वतःचे मोडून गुपचूप पाठवले, असे तिने धरले होते. पडताळून पाहिले नव्हते. प्रयोगशाळेत मुलांची वही ज्या चुकीसाठी परत केली असती, ती चूक तिने गळ्यात घालून मिरवली होती. मंठ्याला शीतलच्या लग्नात तिने वंदनाचे हात धरून म्हटले होते, "ताई, तुम्ही जे दिलंत ते मी विसरणार नाही." वंदना गोंधळून हसली होती. अरुंधतीला तो विनय वाटला होता.

"हरिओम," ती म्हणाली, "माझ्या वाट्यांचं सोनं कुणाचं?"

मोसंबीची साल एका लांब वेटोळ्यात खाली लोंबत होती. त्याने ती तोडली.

"तुला तेव्हाच सांगितलं होतं. घरचं."

वंदनाने मान वर केली. अरुंधतीने आजवर माणसाच्या चेहऱ्यावर धक्का पाहिला होता, पण तो चेहऱ्याच्या आत इतका खोल उतरताना पाहिला नव्हता.

"भाऊजी," वंदना म्हणाली, "तांब्या तर आणला होता तुम्ही."

"पाणी गंगेचंच होतं, वहिनी. पुलावर गेल्तो मी. खरंच सोडायला गेल्तो." तो वहिनीशी बोलत होता, पण बघत होता बायकोकडे. "नाकाच्या जागी नुसता डाग राहिला होता, अरू. शंखाचा तुकडा. त्याला लागून सोन्याचं पान. अन् खिशात दमडी नाही, लग्न चार दिवसांवर. ते सोनं पाण्यात टाकायचं? तूच सांग. तुला पटलं असतं?"

खरे उत्तर होते: नाही. तिने तेव्हा विचारले असते, नदीला सोन्याचे काय करायचे आहे? ते उत्तर तिच्या जिभेवर तयार होते, आणि म्हणूनच तिला तोंड उघडता आले नाही.

"बापानं तुझ्या नावानं गोंधळ घातला," बद्रीनाथ म्हणाले. आवाज इतका खाली गेला होता की दुर्गाआत्याने कान पुढे केला. "इडा गेली म्हणाला. गावाला जेवू घातलं. तुझ्या बायकोला आम्ही..." त्यांनी वाक्य सोडून दिले. ते उठले. "मच्छिंद्र, काय असंल ते शीतलला सांग. आईचा भाव मी करणार न्हाई." दारातल्या चपलांकडे न पाहता ते बागेकडे चालू लागले. फाटकापाशी मोसंबीचे कॅरेट भरणारी माणसे हातातले काम थांबवून त्यांच्या अनवाणी पायांकडे पाहत राहिली.

खोलीत दुर्गाआत्याने पुन्हा एकदा विचारले, आणि या वेळी शीतलने तिच्या कानाशी वाकून सगळे सांगितले.  म्हातारीने चौकट शेजारी दिवाणावर ठेवली आणि हात मांडीवर घेतले.

वंदना उठली. आधी ती टेबलापाशी गेली. काचेवर पडलेली प्लॅस्टिकची मडमाई तिने उचलली, पदराने पुसली, कपाळावरचे विस्कटलेले कुंकू बोटाने नीट केले.

"हिला मी रोज न्हाऊ घातलं," ती म्हणाली. "हिनं माझ्या हातून नाक जाऊ दिलं न्हाई."

तिने ती ताम्हनात ठेवली. मग दिवाणावरची चौकट घेतली, आणि अरुंधतीने हात पुढे करण्याआधीच तिचा हात ओढून त्यावर ठेवली.

"ही घे. ही तुझ्या वाट्याला तवाच आल्ती."

ती ताम्हन घेऊन देव्हाऱ्याकडे निघून गेली. तिच्या आवाजात राग होता की देणे होते, हे अरुंधतीला सांगता आले नसते. त्यासाठी शेजारी ठेवायला बिनशंकेची अशी दुसरी कुठलीही वस्तू तिच्याजवळ उरली नव्हती. खिडकीपाशी हरिओम उठून उभा राहिला आणि काहीतरी म्हणाला. तिने ऐकले नाही. तिने मूठ मिटली. शंख हातात हळूहळू तापतो, असे तिनेच मघाशी सगळ्यांना सांगितले होते, म्हणून ती थांबून राहिली. तो अजून गारच होता.